चुणचुणलं की लावा

मंगळवार, ४ मार्च

धाकट्या नातीला जाहिरात मिळाली! स्वतःची, पहिली. ऑफिसात लागून पाच महिने झाले, आतापर्यंत दुसऱ्यांनी लिहिलेलं नुसतं तपासायची. साहेब म्हणाले, ही जमली तर कायम करतो. जाहिरात कशाची, तर ओठावर फोड येतो त्यावरच्या मलमाची. मी म्हटलं, मग दारोदार कशाला फिरतेस, माझा यात साठ वर्षांचा अनुभव आहे. शाळा चौथीत सुटली, फोड काही सुटला नाही.

तर ती खरंच वही घेऊन समोर बसली. नोकरीसाठी माझ्याकडे राहायला आली, तेव्हापासून इतका वेळ कधी बसलो नव्हतो. "आधी काय होतं, आजी?" म्हटलं, आधी ओठाच्या कोपऱ्याला चुणचुणतं. मुंगी चालल्यासारखं. फोड दुसऱ्या दिवशी. आमच्या वेळी तुरटी फिरवायची आणि तोंड लपवून हिंडायचं. माझ्या लग्नाच्या फोटोत मी खाली बघतेय. सगळे म्हणतात, काय लाजलीय बघा. लाजतेय कसली, फोड झाकत होते.

आता कोपऱ्यावरच्या औषधवाल्याकडे बोटाएवढी ट्यूब मिळते, डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही. वेळेवर लावली तर फोड लवकर सुकतो. ज्याने शोधून काढली त्याच्या घरी नक्की माझ्यासारखी कुणीतरी असणार. औषधवाला मात्र टोमणे मारतो, "आजी, थोडंच लावा, भिंत रंगवताय का?"

बुधवार, ५ मार्च

धाकटीने ओळ लिहिली — चुणचुणलं की लावा. बस, एवढंच. माझाच शब्द, पण तिने असा मांडला की मी चार वेळा मोठ्याने वाचला. याला म्हणतात डोकं. तिच्या आजोबांना एक निरोप सांगायला अर्धा तास लागायचा.

खाली आणखी एक ओळ आहे — फोड असताना बाळाचा पापा घेऊ नका. ही मला पटली नाही. म्हटलं, पाप्याने कुणाचं काय वाईट झालंय? ती म्हणाली, "तान्ह्या बाळाच्या जिवावर बेतू शकतं, आजी." साहेबांनी ती ओळ खोडली म्हणे. "मलम विकायचंय की भीती?" हिने पुन्हा लिहिली. हट्टी आहे. आमच्याकडूनच आलंय.

शुक्रवार, ७ मार्च

आज फोटो काढतात ती जागा पाहिली. केवढाले दिवे, केवढ्या छत्र्या, आणि सगळं एका ओठासाठी! एक देखणी मुलगी खुर्चीत बसलेली आणि रंगवणारी बाई तिच्या ओठावर फोड काढत होती. बारीक ब्रश, हात जरा हलत नव्हता. बघत राहावं असं काम. पण फोड चुकीचा. भर मध्यावर, लालभडक, एकटाच. मला राहवेना. म्हटलं, "बाई, फोड असा टिळ्यासारखा नसतो. कडेला, बारीक बारीक, घोळक्याने येतो. पाणी भरल्यासारखा."

सगळे हसले. रंगवणारीने पुसून पुन्हा काढला, तरी जमेना. फोटोवाला म्हणाला, "आजी, तुमचा खरा मिळाला तर काय हवं!" शेवटी फोटो बुधवारवर गेला. धाकटीचा चेहरा उतरला. साहेब उशिरावर चिडतात.

रविवार, ९ मार्च

भाजी निवडताना चुणचुणलं. उजव्या कोपऱ्याला.

नवी ट्यूब फळीवर होती. हात पुढे केला आणि मागे घेतला. बुधवारी फोटो. पोरीची नोकरी कायम व्हायची आहे. थोरल्या नातीच्या बाळंतपणाला अजून बारा दिवस आहेत, तोवर खपलीसुद्धा पडेल. कुणाला सांगितलं नाही.

मंगळवार, ११ मार्च

काय टपोरा आलाय! जन्मात पहिल्यांदा फोड बघून बरं वाटलं.

बुधवार, १२ मार्च

फोटोवाला खूश. "आजी, वर बघा. अशाच." साठ वर्षं खाली बघितलं आणि आज माणूस दिवे लावून वर बघा म्हणतो. रंगवणारीने माझे केस नीट केले आणि म्हणाली, "याला हात लावायची माझी हिंमत नाही." धाकटीने विचारलं, "अगं, नेमका आजच कसा?" म्हटलं, नशीब.

गुरुवार, १३ मार्च

थोरली पहाटे मोकळी झाली. मुलगी. दोघी ठीक.

मी नवी साडी नेसून दवाखान्यात गेले, तर डॉक्टरीणबाईंनी दारातच हात आडवा केला. माझ्या ओठाकडे बघून म्हणाल्या, "खपली पडून कातडी साफ होईपर्यंत आत नाही, आजी. बाळ फार लहान आहे." काचेतून गाठोडं दिसलं. गाठोड्याला एक पाय होता.

शुक्रवार, १४ मार्च

ट्यूबचं सील तसंच होतं, ते धाकटीने पाहिलं. काय चिडली! "सगळ्या गावाला सांगायचं लावा, आणि माझ्याच घरात माझी आजी लावत नाही? माझ्यासाठी? मी सांगितलं होतं?" याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मग रडली. मीही रडले. मग चहा केला.

सोमवार, १७ मार्च

खपली जागेवर. थोरली फोनवर बाळाचं रडणं ऐकवते. आवाज खणखणीत आहे.

बुधवार, १९ मार्च

साहेबांना आता 'एका रात्रीत गायब' असं हवंय. म्हणाले, फोड नसलेला आजींचा जुना फोटो शेजारी लावा. धाकटी म्हणाली, "आजीने मलम लावलेलंच नाही. आणि लावलं तरी एका रात्रीत जात नाही. असं छापणार असाल तर मी लिहीत नाही." मग म्हणाली, आजी सहा दिवस दाराबाहेर उभी आहे, बाळाची ओळही राहील.

म्हटलं, अगं, नोकरी! ती म्हणाली, "बघू." जेवली मात्र नीट. असं काळीज कुठून आणलं हिने?

रविवार, २३ मार्च

कातडी साफ झाली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर होकार दिला, पापा मात्र नाही म्हणाल्या. थोरलीच्या घरी गेले, हात दोनदा धुतले. बाळ मांडीवर. हलकी, पण अंगठा धरला तो सोडेना. वास घेतला, तोंड लांब ठेवून.

शनिवार, २९ मार्च

औषधवाल्याच्या काचेवर जाहिरात लागली. मी, वर बघणारी. चुणचुणलं की लावा. बाळाची ओळ आहे, अगदी खाली, चष्म्यानेही जेमतेम दिसते. 'एका रात्रीत' कुठेच नाही. साहेब दोन दिवस फुगले होते, मग मलमाच्या कंपनीच्याच डॉक्टरांनी धाकटीची बाजू घेतली. तिला कायमचं पत्र मिळालं. औषधवाला म्हणाला, "आता तुम्हाला थोडं लावा म्हणायची सोय नाही." मी येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत उभी राहिले. पण त्या शेवटच्या ओळीवर माझा थोडा राग अजून आहे. इवलासा पाय, त्याचाही पापा नको?

गुरुवार, ३ एप्रिल

सकाळी धाकटी आरशासमोर, ओठाला ट्यूब लावत होती. पर्समधली, पिळून पिळून चपटी झालेली. म्हटलं, तुला कधीपासून? म्हणाली, पाच वर्षांची होते तेव्हापासून. सुट्टीत तुझ्याकडे राहायला यायचे ना.

मी खाली बसले. म्हटलं, इतकी वर्षं सांगितलं का नाहीस गं?

म्हणाली, "तू पापे घ्यायचं सोडलं असतंस."