दुकानातल्या फोटोखालचा मजकूर

मी, खाली सही करणारी, वय सव्वीस, धंदा रक्ततपासणी प्रयोगशाळेत नोकरी, घरातली पहिली पदवीधर, लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट आई म्हणते, असलं अभद्र काही लिहू नकोस. सोमवारी माझ्या हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाईंच्या मते घाबरण्यासारखे काही नाही. पण एक गोष्ट सांगायची राहिली आहे, ती या कागदात येईल.

१. माझी दुर्बीण आणि कॅमेरा धाकट्या बहिणीला. अट एकच. पक्षी खाणे थांबवून आपल्याकडे बघू लागला की आपण फार जवळ आलो, एवढे समजून मागे सरकायचे. फोटो हुकला तरी चालेल.

२. आमच्या छायाचित्रण मंडळाच्या अध्यक्षांना त्यांनीच बक्षीस दिलेला छोटा स्पीकर परत करावा. त्यावर पक्ष्याची हाक वाजवली की बिचारा, आपल्या हद्दीत कोण घुसले म्हणून अंडी सोडून धावत येतो. मी हरकत घेतली तेव्हा ते सर्वांसमोर म्हणाले, "पदवी मिळाली म्हणून पक्ष्यांची वकिली सुरू केलीस का?" हो, केली.

३. बाबांच्या शिलाईच्या दुकानात माझा बक्षीस मिळालेला फोटो आहे. घरट्यात पंख पसरून उभी पक्षीण, खाली दोन पिल्ले. बाबा माप घेता घेता प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतात, आईची माया बघा. बाबा, माया खरीच, पण तिच्यावर ती वेळ मी आणली. घरटे पानांनी झाकलेले होते. मी तुमच्या कात्रीने डहाळी छाटली. मंडळात याला 'जागा साफ करणे' म्हणतात. ऊन थेट पिल्लांवर आले, म्हणून ती सावली धरून, चोच उघडी टाकून धापा टाकत उभी होती. दुसऱ्या दिवशी एकच पिल्लू उरले. ते पुढे उडाले, हे मी लांबून पाहिले. हा फोटो भिंतीवरून काढून टाकावा.

४. वरचे कलम काल बाबांना वाचून दाखवले. त्यांनी हातातली पॅन्ट बाजूला ठेवली आणि विचारले, कात्री कुठली, मोठी की काजांची? मी म्हणाले, मोठी. मग ते उठून फोटोपाशी गेले.

"काढायचा नाही," ते म्हणाले. "पाच वर्षं मी लोकांना भलतंच सांगितलं. आता खरं सांगेन. काय झालं ते त्याखाली लिही. तुझ्याच अक्षरात हवंय."

सबब कलम तीनमधले शेवटचे वाक्य रद्द. फोटोखालचा मजकूर मी मुद्दामच इथे देत नाही. तो दवाखान्यातून घरी येऊन लिहीन, असे बाबांना कबूल केले आहे.

ठिकाण: बाबांचे दुकान, कापड बेतायचे टेबल
दिनांक: ऑपरेशनच्या आधीचा शनिवार

लिहून ठेवणार: थोरली मुलगी (सही)

आमच्या समक्ष सही झाली:
१. शेजारच्या इस्त्रीवाल्या काकू (सही)
२. निवृत्त पोस्टमन काका (सही, चष्मा लावून दोनदा वाचल्यावर)