आमचा फोन का लागत नाही

ताईला धाकटीचा नमस्कार. गुडघा कसा आहे? भावजी अजून जिन्यात तुला मागे टाकून पळतात का? आम्ही इकडे बरे. आठवडाभर तुला आमचा फोन लागत नाही, म्हणून तू मावशीला म्हणालीस म्हणे, की धाकटीला शिंगं फुटली. फुटली नाहीत गं. घरात मॉडेम आलाय.

मॉडेम म्हणजे डब्याएवढी पेटी, पुढे लाल दिवे लुकलुकतात. हे आता छापखान्याचा मजकूर घरीच कॉम्प्युटरवर टाइप करतात आणि फोनच्या तारेतून पाठवतात, आणि तेवढा वेळ फोन अडकलेला. (एवढा कागद तारेत मावतो कसा, असं मी विचारलं. यांनी कपाळाला हात लावला.) कागद नाही, आवाज जातो म्हणे. आमची पेटी अक्षरांचा आवाज करते, छापखान्यातली पेटी त्या आवाजाची परत अक्षरं करते. पण आधी दोघी अशा किंचाळतात, की शेपटीवर पाय पडलेलं मांजर बरं. पहिल्या दिवशी मी गुंड्याला पाळण्यातून उचललं आणि काखेत मारून रस्त्यावर पळाले. हे म्हणाले, अगं, भांडत नाहीत त्या, किती वेगाने बोलायचं ते ठरवतात. जी हळू बोलते, तिच्या वेगाने दुसरीने बोलायचं. (सासूबाईंना हे दोनदा ऐकवलं.) मग मला नादच लागला. बोलायला काही नसलं तर काय करतात? तर नुसत्या गुणगुणतात. गुणगुण थांबली की पलीकडची समजते ही गेली, आणि फोन ठेवून देते. ती गुणगुण ऐकावी म्हणून मी आतल्या खोलीतला फोन उचलला, तर लाइनच तुटली. यांचा सगळा मजकूर पहिल्यापासून पाठवायचा आला. असं तीनचारदा झालं. फोनवाला येऊन खांबावर चढून तार तपासून गेला. (मी त्याला चहा दिला, आणखी काय करणार.)

आता जे कुणाला बोलले नाही ते सांगते. गुंड्या दहा महिन्यांचा झाला, पण हाक मारली तर मान वळवत नाही. टाळी वाजवली तरी ढिम्म. आणि परवा पेटी किंचाळली, तर हा खुळखुळा टाकून गर्रकन वळला. दिवे बघत असेल म्हणून दिव्यांवर टोपडं टाकलं, तरी वळला. मग मीच त्याच्या पाठीमागे बसून पेटीसारखी किंचाळले. वळला, हसला आणि मला उलटं ईईई केलं. नेमक्या सासूबाई दारात. तेव्हापासून त्या माझ्याशी फार गोड बोलतात.

म्हणजे ऐकू येतं, हो ना? पण किंचाळलेलं येतं आणि आईची हाक येत नाही, असं कसं?

तुझी धाकटी

ता.क. फोन कोण उचलतं ते यांना सांगू नकोस.

आणखी एक ता.क. गुरुवारी सकाळी गुंड्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचंय. हे म्हणतात, ऐकतोय की, कशाला जायचं. माझ्याने तिथे एकटीने बसवणार नाही. तू ये. समजूत घालू नकोस, बोलूही नकोस. शेजारी बसून नुसती गुणगुणत राहा, म्हणजे तू आहेस एवढं मला कळेल.