चौथा रकाना

प्रिय बाबा,

कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यात. बटाटे निवेपर्यंत अर्धा तास हाताशी आहे, म्हणून लिहायला बसले. उद्या दुपारी आपल्या बेसमेंटमध्ये समीरच्या लीगचा ड्राफ्ट आहे, नव्या सीझनसाठी खेळाडू निवडायचा दिवस. मागच्या सीझनला जो शेवटचा आला त्यानं पुढच्या ड्राफ्टला बाकीच्यांना वडे खाऊ घालायचे, हा त्या बारा जणांचा जुना नियम. शेवटचे तुम्ही आला होतात. मार्चमध्ये गेलात म्हणून वडे काही माफ झालेले नाहीत. सून कशाला असते?

पण वड्यांहून मोठी गोष्ट उद्या ठरायची आहे. ज्या टीमला मालक नाही ती मोडायची आणि तिचे खेळाडू सगळ्यांना खुले करायचे, असंही नियमात आहे. परवा समीर म्हणाला, "मेधा, बाबांची वही काढून ठेव. कॉन्ट्रॅक्ट्स चेक करतो आणि टीम डिझॉल्व्ह करून टाकतो." आवाज कोरडा ठेवायची धडपड चालली होती त्याची. मी वही उघडली, आणि तेव्हापासून मनातल्या मनात तुमच्याशीच बोलतेय.

खरं सांगू का? तुमचा हा खेळ मला पोरखेळच वाटायचा. अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू कागदावर आपल्या टीममध्ये घ्यायचे, ते मैदानात जे करतील त्याचे गुण आपल्याला. टीम एका सीझनची नाही, वर्षानुवर्षं तीच. पगाराला सगळ्यांना सारखेच खोटे डॉलर, त्यात माणसं बसवायची, आणि एकेकाशी फार तर चार वर्षांचा करार. एक मित्र टेक्ससला गेला, त्याची टीम रिकामी झाली, तेव्हा समीरनं तुम्हाला घेतलं ते तुमचा वेळ जावा म्हणून. अ‍ॅशबर्नमध्ये, इथं अमेरिकेत, तुम्हाला दुसरं होतं तरी काय? फूटपाथवरून एक चक्कर आणि जपानी मॅपलला पाणी.

पहिल्या दिवशी समीर तुम्हाला समजावत होता, "बाबा, प्लेयरला मध्येच ड्रॉप केलं ना, तर त्याची अर्धी सॅलरी आपल्याच डोक्यावर राहते."

"म्हणजे निलंबन," तुम्ही म्हणालात. "घरी बसवला तरी अर्धा पगार चालू. पुढे बोल."

मला हसू आलं होतं. बस डेपोत तीस वर्षं ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावलेल्या माणसाला काय नवीन शिकवणार होतो आम्ही? कोण कधी निवृत्त होणार, कुणाची पाठ गेलीय, कुणाला लांबच्या गाडीवर पाठवायचं नाही, हे तुम्ही जन्मभर केलंत. इथं फक्त गाड्या नव्हत्या.

आता वही पाहिल्यावर हसू येत नाही. बाबा, मी डेटा सेंटरमध्ये हेच काम करते. तीन वर्षांनी किती मशीन लागतील, किती वीज लागेल, याचे अंदाज बांधते, त्यासाठी हाताखाली चार माणसं आहेत. असा कागद मी अजून पाहिलेला नाही. प्रत्येक खेळाडूपुढे चार वर्षांचे चार रकाने, पट्टीनं आखलेले. वय, पगार, करार कधी संपतो. एकापुढे 'डावा गुडघा, थंडीत त्रास'. दुसऱ्यापुढे 'पत्नी बाळंतपणाला, नोव्हेंबर. लक्ष नसेल.' हे तुम्हाला कुणी सांगितलं? ईरा आजोबांना बातम्या वाचून दाखवायची, त्यातून टिपलंत ना?

मागच्या सप्टेंबरात तुमचा रिपोर्ट आला. तुमच्या हाताशी वर्षही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. आठवडाभरात तुम्ही लीगमधला सगळ्यात मोठा खेळाडू, ज्याच्यावर टीम उभी होती तो, समीरला देऊन टाकलात. बदल्यात काय घेतलंत, तर तीन वर्षांनंतरच्या ड्राफ्टमधले त्याचे पहिले दोन नंबर. म्हणजे कॉलेजातून तेव्हा येणारी नवीन पोरं त्याच्याऐवजी तुम्ही निवडणार. तीन वर्षांनंतरची! वर दुसऱ्याच्या मागे बाकावर बसून राहिलेल्या एका पोराशी चार वर्षांचा करार.

ईरा वैतागली होती. "आजोबा, ही इज लिटरली अ बॅकअप."

"बॅकअप म्हणजे राखीव," तुम्ही म्हणालात. "आणि राखीव म्हणजे ज्याची ड्युटी अजून लागली नाही तो. वाईट नव्हे."

आम्हाला वाटलं, औषधांनी डोकं जड झालंय. समीर तर व्यवहार उलटवायला निघाला होता. तुम्ही एवढंच म्हणालात, "राहू दे. मी नीट बघून केलंय." त्या खेळाडूच्या जोरावर तो लीग जिंकला. जिंकणाऱ्याचं नाव ट्रॉफी म्हणून ठेवलेल्या त्या स्टीलच्या पातेल्यावर कोरतात, ते कोरून आणलं तेव्हा तुम्ही सोफ्यावरून टाळ्या वाजवल्यात. काल त्यानं मला पहिल्यांदा सांगितलं, ते पातेलं त्यानं कपाटात मागे का ढकललंय ते. "आजारी बापाला फसवून जिंकलो यार, असं वाटायचं."

आणि माझं ऐका. डिसेंबरात एका शनिवारी तुम्ही वही घेऊन माझ्या दाराशी आला होतात. "मेधा, दहा मिनिटं आहेत का? शेवटचा रकाना तुला दाखवून ठेवतो." मी हेडफोन न काढता म्हटलं, "बाबा, नंतर बघू." काम होतं, पण दहा मिनिटं नव्हती असं नाही. तुम्ही मान डोलावून गेलात. पुन्हा का नाही विचारलंत? एवढा काय तो संकोच सुनेचा? मी रागावले असते, पण बसले असते.

तो रकाना परवा मी एकटीनं वाचला. सगळे महागडे करार तिसऱ्या वर्षी संपतात. चौथ्या वर्षी पगाराचे पैसे जवळजवळ सगळे मोकळे, समीरचे दोन नंबर हातात, आणि तो बाकावरचा पोरगा तेवढा शिल्लक. वर तुमच्या ठसठशीत अक्षरात: 'ईरा, १८ पूर्ण. राखीव.'

लीगमध्ये अठरा पूर्ण झाल्याशिवाय टीम मिळत नाही. तुम्हाला तुमचे दिवस माहीत होते, आणि त्या दिवसांत तुम्ही नातीची ड्युटी लावून ठेवत होतात. स्वतः शेवटचे येत होतात, आमची कीव मुकाट्यानं सोसत होतात. मला इतकं नवल आजवर कुणाचं वाटलेलं नाही. रडू नंतर आलं.

सकाळी वही समीरला दिली. तो बेसमेंटच्या पायरीवरच वाचत बसला. मग ईराला हाक मारली. ती आता सोळाची आहे, तरी देवनागरी येते ती तुम्ही याच रकान्यांवरून शिकवलीत तेवढीच, एकेक अक्षर लावत वाचते. तिनं शेवटची ओळ लावली, आणि एरवी इंग्लिशशिवाय न बोलणारी ही मुलगी म्हणाली, "म्हणजे माझी ड्युटी अजून लागली नाही." मग विचारलं, "टिल देन हूज ड्रायव्हिंग?"

मी, बाबा. उद्या वडे वाढून झाले की उभी राहीन आणि टीम माझ्या नावावर मागेन. वही सगळ्यांसमोर ठेवीन. कुणी नाही म्हणेल असं वाटत नाही. शब्द देते, मधल्या दोन वर्षांत कितीही मोह झाला तरी चौथ्या रकान्याला हात लावणार नाही. मला हरायला आवडत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे, तरी दोन्ही वर्षं शेवटची येईन. दोन वर्षांनी ईरा तुमच्या खुर्चीत वही उघडून बसेल, तेव्हा मी वर वडे तळत असेन.

बटाटे निवले. उठते.

तुमची,
मेधा