पैसा निघाला की मी पोचतो

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा यावेळी फक्त कागदावर). तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला थांबला का? आम्ही दोघं ठीक आहोत, आणि ते तुझ्यामुळे, हे सांगायलाच हे पत्र. फोनवर आभार मानायला लागलो की तू "पुरे रे" म्हणून फोन ठेवतेस. पत्र तुला मध्येच तोडता येणार नाही.

एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून निवृत्त झाल्यावर हात शिवशिवत होते, म्हणून मी शेअर बाजार तपासायला घेतला. कुठेतरी वाचलं, की बाजारातला पैसा एका जागी बसत नाही. काही महिने बँकांत, मग औषध कंपन्यांत, मग सिमेंटात, असा फिरत राहतो. तो कुठे निघालाय हे ओळखायचं आणि त्याच्या आधी तिथे जाऊन बसायचं, बस्स. मी कपाटाच्या दारावर भलामोठा तक्ता डकवला आणि दर शुक्रवारी कोणता उद्योग पुढे, कोणता मागे, हे लाल-हिरव्या पेन्सिलीने भरू लागलो. (हिचे कपडे त्याच कपाटात. तक्ता फाटेल म्हणून मी दार उघडू देईना, तेव्हा बिचारीने पंधरा दिवस दोनच जोड धुऊन धुऊन वापरले.)

तक्ता चोख होता, खोट माझ्या पोचण्यात होती. बँकांत गेलो, त्या आठवड्यात पैसा संगणक कंपन्यांत गेला. मी धावत तिथे, तर तो औषधांत. मी औषधांत, तर तो पोलादाकडे निघालेला. ही शांतपणे म्हणाली, "पैसा निघायची वेळ तुम्हाला इतकी बिनचूक कळते तरी कशी हो?" मला राग आला. रागाच्या भरात ठरवलं, की आता थोडंथोडकं नाही, निवृत्तीची होती नव्हती ती सगळी रक्कम एकदम पोलादात टाकायची.

बुधवारी पावणेतीनला औषधांचे शेअर विकायच्या बटणावर अंगठा नेला आणि तुझा फोन आला. गुडघा, डॉक्टर, जिन्याच्या पायऱ्या... बाजार साडेतीनला बंद होतो, माझा जीव खालीवर. पण ज्या बहिणीने स्वतःची शाळा सोडून माझी फी भरली, तिचा फोन कापायचा कसा? मग तू मध्येच थांबलीस. "आवाज का असा येतोय तुझा?" आणि ताई, मला रडूच आलं. हिलाही न सांगितलेलं सगळं तुला सांगून टाकलं. वाटलं, आता झाडणार. तू एवढंच विचारलंस, "चूक अजून छापली गेली नाही ना? मग दुरुस्त कर की."

इतक्या वर्षांत माझं मुद्रित कुणी तपासलं नव्हतं गं.

फोन ठेवला तेव्हा पावणेचार वाजले होते. दुसऱ्या दिवशी पोलाद असं काही कोसळलं की मी टीव्हीसमोर खालीच बसलो. (कंबर तेव्हाच धरली.) हिच्यापुढे सगळं मांडलं. ती रागावली, मग हसली, मग दोघं जाऊन बहुतेक रक्कम बँकेत मुदत ठेवीत टाकून आलो. तक्ता भरायची मला अजून परवानगी आहे, फक्त खिसा रिकामा ठेवून. या वयात इतकी शांत झोप मिळते हे मला माहीतच नव्हतं. तुझे उपकार कसे फेडू?

तुझा,
धाकटा

ता. क. खरं सांगायचं तर औषधंही पडली. पण पोलादापेक्षा कमी. तेव्हा आभार कायम.

ता. क. २ : एक विनंती. मागच्या महिन्यात भाऊजींनी फारच आग्रह केला म्हणून तक्त्याचा फोटो त्यांना पाठवला होता. काल त्यांचा फोन आला. पोलादात "अगदी थोडेसे" टाकलेत म्हणे, आणि ताईला सांगू नकोस म्हणाले. मी शब्दाचा पक्का आहे, सांगत नाही, नुसतं लिहितोय. त्यांना आधी जेवू घाल, मग विचार. आणि हे पत्र फाडून टाक.