बिनपात्याचं मशीन

४ जून

प्रिय भाऊजी,
अनेक आशीर्वाद.

तुमच्या दादांची तब्येत विचारलीत. अंगाने ठणठणीत आहेत, आठवण तेवढी उरलेली नाही. सकाळी चहा झाला की गवत कापायचं मशीन काढतात, घरापुढची हिरवळ कापतात, मशीन पुसून जागेवर ठेवतात, हातपाय धुतात आणि खिडकीतून बघून म्हणतात, की गवत कापायला झालंय. झालं, पुन्हा तेच. काल पाच वेळा. हिरवळ कसली, नुसतं टक्कल झालंय.

मशीन लपवलं तर घर डोक्यावर घेतात. परवा शेजारच्या बाईंच्या फुलझाडांवरूनच फिरवलं. डॉक्टर म्हणतात, यांना आता एखाद्या संस्थेत ठेवा. त्यावर हे ताडकन म्हणाले, की मी अजून शुद्धीवर आहे, माझं घर सोडणार नाही. मलाही यांना सोडवत नाही हो. तुम्ही रोज मोटारी उघडता, काहीतरी सुचवा.

तुमचा जीव आमच्यात असाच राहो.
तुमची वहिनी

९ जून

ती. वहिनींना,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून वाईट वाटलं, आणि फुलझाडांची हजामत वाचून हसूही आलं, माफ करा. लहानपणी माझे केसही दादाने असेच कापले होते.

उपाय सोपा आहे. मशीनचं पातंच काढून टाका. दादा दुपारी झोपला की आधी विजेची पिन काढा, मशीन आडवं करा, जाड हातमोजे घाला आणि मधला नट डावीकडे फिरवा. पातं अडवायला लाकडाचा तुकडा लावा. मोटर फिरेल, आवाज होईल, दादा खूश आणि गवतही जिवंत. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही. ही फसवणूक नाही वहिनी, औषध समजा.

धाकट्यावर माया आहेच, ती वाढवा.
तुमचा दीर

२१ जून

प्रिय भाऊजी,
अनेक आशीर्वाद.

जमलं! नट काढताना हाताची सालटी निघाली, पण जमलं. हे दिवसभर मशीन फिरवतात, पोटभर जेवतात, गाढ झोपतात. गवताला कोंब फुटलेत. खूप दिवसांनी मी निवांत बसून चहा प्यायले.

भेटायला या.
तुमची वहिनी

१८ जुलै

प्रिय भाऊजी,
आशीर्वाद.

गवत घोट्याला लागलं. मशीन बिघडलं असं वाटून यांनी ते उलटं केलं. तीस वर्षं कारखान्यात फिटर होते, हे आपण दोघंही कसे विसरलो?

पातं नाही हे बघून पायरीवर बसले. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील. तर म्हणाले, की पातं मीच काढलं असणार, आणि मला आठवत नाही. बिनपात्याचं मशीन मी किती दिवस ढकलतोय कोण जाणे. मग अगदी शांतपणे म्हणाले, की डॉक्टर बरोबर सांगत होते, मला तिकडे नेऊन सोड.

भाऊजी, मी काढलं, एवढंच बोलायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण मी फार थकले होते हो. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं, आणि मी गप्प बसले.

सोमवारी यांना पोचवून आले. बॅग यांनी स्वतःच भरली. निघताना माझे दोन्ही हात धरून म्हणाले, की तुला फार त्रास दिला, मला माफ कर.

मी म्हणाले, की केलं.

लोभ मागायला आज मला तोंड नाही.
वहिनी