कोयीवर उभे राहिलेले बाण

मंगळवार, संध्याकाळ. कंपनीची बस हिंजवडीतून बाहेर पडायला तयार नाही.

बसमध्येच डायरी लिहितेय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

डोळ्यात घातलेलं औषध बुबुळावर कसं पसरतं, ते आमचा प्रोग्रॅम दाखवतो. पृष्ठभागाचे बारीक त्रिकोण पाडायचे आणि प्रत्येकावर औषध कुठे वाहतंय ते बाणाने दाखवायचं. बाण पृष्ठभागाला चिकटूनच हवेत, औषध काही हवेत उडत नाही. वर्षभर डोळ्याच्या जागी चेंडूचा आकार घेऊन तपासलं, त्यावर ते सुरेख चिकटून होते. आज सहज आंब्याच्या कोयीसारखा आकार देऊन पाहिला. बाण साळिंदराच्या काट्यांसारखे उभे!

कोड उघडला. बाण चिकटवायचे तर ते 'पृष्ठभागातून सरळ बाहेर' या दिशेशी काटकोनात ठेवायचे, आणि ही दिशा सगळीकडे केंद्रापासून धरलेली. चेंडूला ते चालतं. कोयीला नाही. आणि डोळ्याला तरी कुठे? बुबुळ पुढे फुगलेलं असतं. ती ओळ आमच्या टीमचे प्रमुख असलेल्या सरांची, म्हणून आम्ही कोणी तपासलीच नाही.

धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ते काटे पाहिले. शांतपणे चहा संपवला.

"चेंडूवर चालतंय ना?"

"हो, पण सर, डोळा काही..."

"मग उद्या क्लायंटला चेंडूच दाखवा. कोय कोणी मागितलीय आपल्याकडे?"

आणि मी काय म्हणाले? "बरं सर." मी!

कॉलेजात आम्हाला शिकवत होते तेव्हा हेच सर फळ्यावर खडू आपटून सांगायचे, सोप्यावर बरोबर आलं म्हणजे काही सिद्ध होत नाही, अवघडावर घालून बघा. म्हणून तर आज कोय घातली.