सही करणार नाही

२ नोव्हेंबर, सोमवार
आंतरवर्गीय व्हॉलीबॉल लीगचं वेळापत्रक लागलं. सातवी-आठवीच्या आठ तुकड्या, प्रत्येकीचे सात सामने, पंधरा गुणांचा एकेक गेम. सातवी-ब चा वर्गशिक्षक म्हणून मी सूत्रं हाती घेतली. ही तुकडी दर वर्षी शेवटून पहिली येते, कारण तिला आजवर इतिहासाचा शिक्षक लाभला नव्हता. व्हॉलीबॉल मी कधी खेळलेलो नाही. त्याने काही अडत नाही. खेळाडू खेळतात, सेनापती विचार करतो.
कॅप्टन कन्या. माझीच. पण निवड मुलांनी केली, मी फक्त मतं मोजली. तिला शाळेच्या व्हॉलीबॉल क्लबात जायचंय. क्लब बारा जणच घेतो, आणि लीगमधल्या पाच सामन्यांची लेखी नोंद असेल तरच.
संकल्प: एकही सामना हरायचा नाही.

४ नोव्हेंबर, बुधवार
आठवी-अ. ३–१५.
त्यांच्यातल्या एकाला मिशी आहे. आमच्या क्रीडाशिक्षकांना (सगळी शाळा त्यांना पीटी म्हणते) विचारलं की हा विद्यार्थी आहे की पालक. ते हसले. मी हसलो नाही.
सामन्यानंतर त्यांनी गुणपत्रक पुढे केलं. तळाशी वर्गशिक्षकाच्या सहीचा रकाना. सही केली की पराभव मान्य केला! म्हटलं, सही करणार नाही. पीटी म्हणाले, अहो सर, तो रकाना म्हणजे... पुढचं मी ऐकलं नाही. ऐकून घेणं ही शरणागतीची पहिली पायरी. पाठ फिरवून ताडताड निघालो.
सही नाही तर निकाल नाही. निकाल नाही तर पराभव नाही.

६ नोव्हेंबर, शुक्रवार
५–१५. प्रगती सहासष्ट टक्के. सही केली नाही.
जेवताना कन्या अर्ध्या पोळीवरच उठली. माझा बाणेदारपणा पाहून भारावली असावी.

९ नोव्हेंबर, सोमवार
४–१५. ऊन डोळ्यांवर येत होतं. पीटी म्हणाले, आठ गुणांवर बाजू बदलतो, ऊन दोघांना सारखंच. म्हटलं, पण आमची मुलं जास्त वेळ वर बघत राहतात. त्यांनी शिट्टी फुंकली.
सही नाही.

११ नोव्हेंबर, बुधवार, सकाळी ७.२०
व्यूहरचना लिहून काढली. चार पानं, सहा आकृत्या. आज चमत्कार होणार.

त्याच दिवशी, सायं. ५
२–१५.
कन्येचं म्हणणं, बाबा, तुम्ही ओरडलात की सगळे तुमच्याकडे बघतात आणि चेंडू मागे पडतो. म्हणजे मुलांचं माझ्याकडे लक्ष आहे. वर्गात एवढंही नसतं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार
मोठ्या बाईंनी स्टाफरूममध्ये विचारलं, सातवी-ब चं कसं काय? म्हटलं, अद्याप अपराजित. बाईंनी पीटींकडे पाहिलं. पीटींनी पंख्याकडे पाहिलं.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार
६–१५. सही केली नाही.
आमची ही बँकेत असते, त्यामुळे सह्यांच्या बाबतीत फार कडक. विचारू लागली, सही नाही तर नोंद कसली होणार? आणि नोंद नाही तर पोरीच्या क्लबचं काय? वीस तारखेला चारला पत्रकं क्लबकडे जातात, माहीत आहे ना? मी तत्त्व समजावून सांगू लागलो. ही म्हणाली, तत्त्व तुमचं आणि भोगायचं पोरीने. वर आमटीचं भांडं जरा जोरात ठेवलं.
कन्या म्हणाली, असू दे गं आई, बाबांना काय करायचंय ते करू दे. शेवटी रक्त कुणाचं आहे, माझंच!

१६ नोव्हेंबर, सोमवार
७–१५. तीन चेंडू रेषेच्या आत पडले होते, बाहेर दिले. मी अगदी रेषेवरच उभा होतो. पीटींचं म्हणणं, तुम्ही रेषेवर उभे असता म्हणूनच पंचांना रेषा दिसत नाही. पुढच्या सामन्याला मी पाण्याच्या टाकीपलीकडे उभं राहायचं, असं फर्मान निघालं. अन्याय! पण तिथून मैदानाचं विहंगम दृश्य दिसतं, हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही.
सहीचा प्रश्नच नव्हता.

१८ नोव्हेंबर, बुधवार
सातवी-ड. शेवटचा सामना. टाकीपलीकडे होतो.
१५–१२. जिंकलो! जिंकलो!!
शेवटच्या तिन्ही सर्व्हिस कन्येच्या. तिसरी कुणाला परतवताच आली नाही. पोरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. दुरून नेतृत्व करण्याची माझी पद्धत फळाला आली.
पीटी पत्रक घेऊन टाकीपर्यंत धावत आले. खिशातलं पेन हातात आलं होतं. पण आज सही केली तर आधीचे सहा सामनेही कबूल केल्यासारखं होईल. पेन परत खिशात. छातीत जरा दुखलं. पित्त असावं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार, सायं. ६
कन्या मागच्या भिंतीवर चेंडू मारत होती. मी खिडकीतून मोजत होतो. एकशे चाळीसपर्यंत मोजले. ती थांबेना. मग मीच मोजणं थांबवलं.
उद्या सातही पत्रकांवर सही करणार. ही माघार नव्हे. तह करायला मोठं मन लागतं, हे मी दर वर्षी शिकवतो.

२० नोव्हेंबर, शुक्रवार, दुपारी ३.३५
क्रीडाखोलीत गेलो. पीटींना म्हटलं, आणा ती पत्रकं, पोरीसाठी करतो सह्या. ते म्हणाले, कशाला? पाकीट कधीच तयार आहे. म्हटलं, बिनसहीचं? ते म्हणाले, निकालावर कॅप्टनची सही लागते, ती आहे की.
पाकीट उघडून दाखवलं. सात पत्रकं. सहा पराभव, एक विजय, आणि प्रत्येकाखाली कन्येची ठसठशीत सही. पहिल्या सामन्यापासून. मी पाठ फिरवून निघालो की ती करत असे म्हणे.
मग माझा रकाना कसला? चष्मा लावून वाचला. ‘वर्गशिक्षक सामन्यास उपस्थित होते.’
पीटी म्हणाले, चार तारखेपासून हेच सांगतोय, सर.

२३ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी क्लबची यादी लागली. बारांत कन्या आहे. सातवीतली एकटीच.
दुपारी मोठ्या बाईंचा मेमो आला. सातही सामन्यांना गैरहजर राहिल्याबद्दल लेखी खुलासा करावा. गैरहजर! मी! घसा अजून बसलेला आहे! पीटी म्हणाले, नियम म्हणजे नियम, सर, पण कॅप्टनचं पत्र जोडलंत तर चालेल.
कन्येने वहीचं पान फाडलं आणि दोन मिनिटांत लिहून दिलं. ‘आमचे सर सातही सामन्यांना हजर होते. सहा सामन्यांत ते मैदानाजवळ होते. सातव्यात लांब होते, तो आम्ही जिंकलो.’
म्हटलं, शेवटचं वाक्य खोड. ती म्हणाली, सर, कॅप्टनच्या पत्रात खाडाखोड चालत नाही.
मजकूर मान्य असल्याची माझी सही लागत होती. केली.